भारताला ऑलिम्पिकला नेणाऱ्या दोराबजी टाटांनी शेवटी टायपिनसुद्धा ट्रस्टींच्या हवाली केली होती

ट्रस्टी म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? वर्गणीच्या पावतीवर बारीक अक्षरात छापलेली नावं, कुस्तीच्या मैदानाबाहेर लागलेल्या फ्लेक्सवरचे फोटो आणि बक्षीस समारंभातल्या पहिल्या रांगेच्या खुर्च्या. सोलापुरात तालमींना आणि क्रीडा मंडळांना तोटा नाही, त्यामुळे ट्रस्टींनाही तोटा नाही.

पण या शब्दाचा खरा अर्थ भलताच कडक आहे. ट्रस्टी म्हणजे विश्वस्त. मालमत्ता त्याच्या ताब्यात असते, पण त्याची नसते. चेकवर सही त्याची चालते, पण त्यातला रुपयाही त्याला घरी नेता येत नाही. देणारा देऊन बाजूला होतो, ज्यांच्यासाठी दिलं ते समोर असतात, आणि मधे हा माणूस दुसऱ्याची ठेव सांभाळत बसतो. म्हणून ट्रस्ट करताना किती पैसे दिले याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, की पुढच्यांच्या हातात किती मोकळीक दिली.

हा प्रश्न ज्याने आयुष्याच्या शेवटी अगदी टोकाला नेऊन सोडवला, तो माणूस होता सर दोराबजी टाटा. जमशेदजींचा थोरला मुलगा, टाटा स्टील प्रत्यक्षात उभं करणारा, आणि भारतीय ऑलिम्पिक असोसिएशनचा पहिला अध्यक्ष. गंमत म्हणजे ऑलिम्पिकवाले दोराबजी आणि ट्रस्टवाले दोराबजी या दोन गोष्टी आपण कायम वेगवेगळ्या वाचतो. त्या एकत्र वाचल्या की मजा येते.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा, मुंबईतला. पारशी आणि खेळ हे नातं सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, कारण पॉली उम्रीगर १९२६ मध्ये इथेच जन्मले. दोराबजी त्यांच्या दोन पिढ्या आधीचे. १८७५ मध्ये वडिलांनी त्यांना शिकायला इंग्लंडला पाठवलं. १८७७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले. तिथे त्यांनी अभ्यास केलाच, पण जास्त लक्षात राहिलं ते क्रिकेट आणि फुटबॉल. कॉलेजच्या संघात त्यांनी जागा मिळवली. दोन वर्षांनी परत आले, मुंबईच्या सेंट झेवियर्समधून १८८२ मध्ये पदवी घेतली, आणि वडिलांच्या धंद्यात जाण्याआधी काही काळ 'बॉम्बे गॅझेट'मध्ये चक्क पत्रकारी केली. (आमच्या धंद्यातला माणूस, म्हणून मुद्दाम सांगितलं.)

१८८४ मध्ये ते घरच्या कापड धंद्यात आले. टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ मध्ये सुरू झाली होती. सोलापूरची जुनी गिरणीही त्याच काळातली, त्यामुळे तो काळ कसा असेल याचा अंदाज आपल्याला येऊ शकतो.

जमशेदजींची तीन मोठी स्वप्नं होती. लोखंडाचा कारखाना, विज्ञान संस्था आणि पाण्यापासून वीज. १९०४ मध्ये ते जर्मनीत वारले तेव्हा यातलं एकही पूर्ण झालेलं नव्हतं. तिन्ही दोराबजींच्या अंगावर आली. लोखंडाचा शोध त्याआधीच सुरू झाला होता, आणि त्यासाठी दोराबजी अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड यांच्यासोबत आजच्या चंद्रपूरच्या बाजूला बैलगाडीतून फिरले होते. तिथे हवं तसं काही सापडलं नाही. आता सोडून देतो असं सांगायला दोराबजी नागपुरात सरकारी अधिकाऱ्याला भेटायला गेले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला जवळच्या म्युझियममध्ये शिरले. तिथे भिंतीवर एक भूगर्भाचा नकाशा होता आणि त्यात दुर्गच्या बाजूला लोखंडाच्या खुणा होत्या. शोध पुन्हा सुरू झाला, फिरत फिरत मयूरभंजला पोचला आणि १९०७ मध्ये कंपनी उभी राहिली.

याच कारखान्यासोबत जमशेदपूर वसलं. १९०२ मध्येच जमशेदजींनी मुलाला पत्र लिहून कळवलं होतं की गाव वसवशील तेव्हा रस्ते रुंद ठेव, झाडं लाव, आणि फुटबॉल-हॉकीसाठी मोठी मैदानं राखून ठेव. कारखान्याचा दगडही बसला नव्हता तेव्हा मैदानांची जागा ठरली होती. दोराबजींचं खेळाचं वेड कुठून आलं असेल, याचं अर्धं उत्तर इथे मिळतं.

आता पुण्यात येऊ. डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ ची. आज डेक्कन म्हटलं की आपल्याला कॅफे आणि ट्रॅफिक आठवतो, पण तेव्हा ही मंडळी देशी खेळांना आधुनिक स्पर्धांचं वळण देऊ पाहत होती. दोराबजी तिचे अध्यक्ष झाले. १९१९ मध्ये तिथे मैदानी स्पर्धा भरल्या. पळायला आलेले बहुतेक सगळे शेतकऱ्यांच्या घरातले. पायात काही नाही, कोच नाही, शंभर यार्डांपासून लांब पल्ल्यापर्यंत सगळं अनवाणी. दोराबजी केंब्रिजला मैदानी खेळ पाहून आलेले होते. त्यांनी वेळा पाहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की ही पोरं युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नाहीत.

मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड या स्पर्धांना पाहुणे होते. दोराबजींनी त्यांच्याकडे विषय काढला. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये भारताला जागा मिळावी म्हणून लंडनमध्ये शब्द टाका. त्याआधी १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोलकात्याच्या नॉर्मन प्रिचर्डने भारताच्या नावावर दोन रौप्यपदकं घेतली होती, पण तो एकटाच गेला होता. भारताचा म्हणून निवडलेला, पाठवलेला संघ असा कधी गेलाच नव्हता.

परवानगी आली. मग पैसा कुठून आणायचा? सरकारने थोडे दिले, इतरांनी थोडे दिले, आणि मोठा वाटा दोराबजींनी स्वतःच्या खिशातून उचलला. सहा जण बोटीने निघाले. पूर्णचंद्र बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी हे चार धावपटू, कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन पैलवान. परदेशी नोंदींमध्ये शिंदेंचं आडनाव 'शिंदेस' असं पडलं आणि ते आजतागायत तसंच आहे. बेळगावचे चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. शिंदे फ्रीस्टाइल कुस्तीत चौथे आले, म्हणजे पदक एका कुस्तीने गेलं. या सहांची नावं आज कुठल्या प्रश्नमंजुषेतही येत नाहीत.

त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले, असे पहिले भारतीय. १९२४ ला दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा घेऊन पॅरिससाठी संघ निवडला गेला. १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक असोसिएशन स्थापन झाली आणि दोराबजी पहिले अध्यक्ष झाले. वर्षभरातच ते बाजूला झाले आणि खुर्ची पतियाळाच्या महाराजांकडे गेली. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये भारताने हॉकीचं पहिलं सुवर्ण जिंकलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण टाटांवरच्या पोस्टमध्ये ती सहसा नसते. ज्या काळात दोराबजी पुण्याच्या मैदानावर अनवाणी शेतकऱ्यांचं कौतुक करत होते, त्याच काळात पुण्याजवळच्या मुळशीत टाटांच्या वीज कंपनीचं धरण येत होतं. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या. १९२१ मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापटांनी तो चालवला, लोक तुरुंगात गेले, आणि १९२४ पर्यंत तो मोडला. धरण झालंच. कंपनीचे सर्वेसर्वा दोराबजी होते. एका मैदानावर शेतकऱ्याच्या पोराला बोटीचं तिकीट काढून देणारा माणूस आणि त्याच डोंगररांगेत शेतकऱ्याची जमीन घेणारी कंपनी, दोन्ही एकाच पत्त्यावर होते. मला वाटतं दोराबजींवर लिहायचं तर हे दोन्ही सोबत लिहायला हवं.

१९२४ हे साल त्यांच्यासाठीही वाईट गेलं. महायुद्धानंतर स्टील कंपनीने मोठा विस्तार हाती घेतला होता, जपानमधली मागणी कोसळली, खर्च हाताबाहेर गेला आणि एक वेळ अशी आली की कामगारांचे पगार द्यायला पैसे नव्हते. दोराबजींनी आपली सगळी वैयक्तिक संपत्ती इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटी रुपयांचं कर्ज उचललं. त्या तारणात पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिरा होता. २४५ कॅरेटचा, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. कंपनी वाचली, कर्ज फिटलं, हिरा सोडवून आणला.

मेहेरबाई या भाभा घराण्यातल्या. १८९८ मध्ये लग्न झालं तेव्हा दोराबजी ३८ वर्षांचे होते आणि त्या अवघ्या १८ च्या. त्या जबरदस्त टेनिस खेळायच्या, तेही साडी नेसून. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला मोहम्मद सलीम यांच्यासोबत मिश्र दुहेरीत त्यांचं नाव नोंदलेलं होतं. बालविवाहाविरुद्धच्या कायद्यासाठी त्यांनी भाषणं केली, अमेरिकेत जाऊन भारतीय स्त्रियांची बाजू मांडली. दोघांना मूल नव्हतं.

१९३१ च्या जूनमध्ये मेहेरबाई ब्रिटनमध्ये गेल्या. ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. तेव्हा त्यावर जगात कुठेच धड उपाय नव्हता. त्यांचं दफन लंडनजवळच्या ब्रुकवुड स्मशानभूमीत झालं.

त्यानंतरचं एक वर्ष दोराबजींनी ज्या घाईने काम केलं, ते पाहिलं की कळतं या माणसाला आपला वेळ संपत आल्याचा अंदाज आला होता. ११ मार्च १९३२ ला त्यांनी ट्रस्टचा दस्त केला. टाटा सन्समधला त्यांचा हिस्सा, इतर कंपन्यांचे शेअर्स, जमीनजुमला, मेहेरबाईंचे २१ दागिने आणि त्यात तो ज्युबिली हिरा. मोत्याची टायपिनसुद्धा गेली. तेव्हाच्या हिशेबाने सगळं मिळून एक कोटीच्या घरात. एप्रिलमध्ये मेहेरबाईंच्या नावाने दुसरा ट्रस्ट झाला, जगभरात ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्यांना पैसा देण्यासाठी. मग ते पत्नीच्या कबरीकडे जायला निघाले. वाटेत जर्मनीत बाड किसिंगेनला ३ जून १९३२ ला गेले. ब्रुकवुडला त्यांची कबर मेहेरबाईंच्या शेजारी आहे.

आता तो दस्त. त्यात दोराबजींनी धर्म, राष्ट्रीयत्व, जागा असा कुठलाही भेद न करता पैसा वापरायला सांगितलं. कशासाठी? शिक्षणासाठी, संशोधनासाठी, संकटात सापडलेल्यांसाठी, आणि इतर धर्मादाय कामांसाठी. बस. अमुक शाळा, अमुक जात, अमुक देवस्थान असं काही बांधून ठेवलं नाही. त्या काळातले बहुतेक धर्मादाय ट्रस्ट आपल्या समाजापुरते असायचे, अमक्या ज्ञातीची धर्मशाळा, तमक्या पंथाचा दवाखाना. माझ्या मते दोराबजींचं मोठेपण एक कोटी देण्यात जेवढं आहे, त्याहून जास्त इथे आहे. पुढे काय करायचं हे मी ठरवणार नाही, ज्यांच्या हातात देतोय ते ठरवतील.

आता ऑलिम्पिकशी हे ताडून बघा. अँटवर्पला जाणाऱ्या संघासाठी दोराबजींनी स्वतः शब्द टाकला, स्वतः खिसा उघडला. निर्णय घेणारा आणि पैसे देणारा एकच. अशा कामाला वेग असतो, पण तो माणूस उठून गेला की खुर्चीसोबत पाकीटही जातं. भारतीय ऑलिम्पिक असोसिएशनचं नेमकं तेच झालं. दोराबजी गेल्यावर महाराजे आले, महाराजांनंतर पुढारी आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं, गावोगाव वर्गणी झाली, आणि तेव्हा कुठे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आलं. पहिला संघ गेल्याला ३२ वर्षं झाली होती, दोराबजींना जाऊन २० वर्षं, आणि पैलवानाला बोटीला बसवायला पुन्हा कुणाच्या तरी घरावरच वेळ आली. २०१२ च्या डिसेंबरमध्ये तर निवडणुकीच्या घोळामुळे आंतरराष्ट्रीय समितीने भारतीय असोसिएशनला निलंबितच केलं. ते उठायला २०१४ उजाडलं.

एक अपवाद नोंदवायला हवा. दोराबजींचे धाकटे भाऊ रतनजी १९१८ मध्येच गेले होते, त्यांच्या नावाचाही ट्रस्ट आहे. रतनजींच्या पत्नी नवाजबाईंनी दत्तक घेतलेला मुलगा म्हणजे नवल टाटा, आपल्या रतन टाटांचे वडील. ते भारतीय हॉकी फेडरेशनचे अध्यक्ष होते आणि पुढे या सर रतन टाटा ट्रस्टचे अध्यक्षही झाले. १९४८, १९५२ आणि १९५६ ची हॉकीची सुवर्णपदकं त्यांच्या कारकिर्दीतली. ट्रस्टी आणि क्रीडा संघटक या दोन टोप्या एकाच डोक्यावर, तीन सुवर्णं आणि घरात सांभाळलेला ट्रस्ट. असं फार वेळा होत नाही.

दोराबजींच्या ट्रस्टींनी मात्र खेळाची वाट धरली नाही. त्यांनी १९३७ मध्ये ज्युबिली हिरा विकला. नुसता विचार करा, जगातल्या सगळ्यात मोठ्या हिऱ्यांपैकी एक हातात आहे, तो जपून ठेवावा असं कुणालाही वाटलं असतं. पण हिरा तिजोरीत ठेवून कुणाचं भलं होत नाही. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी मुंबईच्या नागपाड्यात वस्तीत काम करायचे. त्यांच्या सल्ल्याने १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी शाळा निघाली. देशात असं शिक्षण देणारी ती पहिलीच. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, मेहेरबाईंच्या आजारावर इलाज शोधणारं. १९४५ मध्ये होमी भाभांच्या मागणीवरून मूलभूत विज्ञानाची संस्था निघाली. होमी भाभा मेहेरबाईंच्या भावाचा मुलगा, त्यामुळे हे घरातलंच झालं असं कुणी म्हणू शकतं. पण टीआयएफआरने पुढे देशाला काय दिलं हे पाहता मला तरी त्यावर फार हुज्जत घालावीशी वाटत नाही.

ट्रस्टींनी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट त्यानंतरची आहे. हॉस्पिटल उभं केलं, नाव झालं, आणि १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या ताब्यात दिलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. आपल्याकडे एखाद्या मंडळाचा जुना अध्यक्ष खुर्ची सोडताना कसा तळमळतो हे आपण बघतो. इथे अख्खं हॉस्पिटल सोडलं, कारण एका ट्रस्टच्या पैशावर एवढा मोठा डोलारा चालणार नव्हता.

अर्थात ट्रस्टी म्हणजे संत नव्हेत. टाटा सन्सचे सुमारे २८ टक्के शेअर्स आजही सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे आहेत, टाटांचे सगळे ट्रस्ट मिळून ६६ टक्के. म्हणजे शंभरहून जास्त वर्षांच्या उद्योगसमूहाची मालकी एका अर्थाने या मूठभर लोकांच्या सह्यांवर आहे. २०१६ मध्ये सायरस मिस्त्रींना अध्यक्षपदावरून काढलं तेव्हा देशाला या सह्यांचं वजन कळलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये निकाल टाटा सन्सच्या बाजूने लागला. दोराबजींनी ट्रस्टींना दिलेली मोकळीक फार मोठी आहे, आणि ती मिळालेल्यांवर लक्ष ठेवणंही तेवढंच गरजेचं आहे.

यातलं सोलापूरपर्यंत काय आलं? बार्शीला जा. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये टाटा मेमोरियलचा ग्रामीण कॅन्सर प्रकल्प चालतो. १९८७ मध्ये बार्शी, परांडा, भूम या भागातल्या कॅन्सर रुग्णांची गावोगाव जाऊन नोंद ठेवायला सुरुवात झाली. खेड्यांसाठीची देशातली अशी ही पहिली नोंदवही. त्याच ओळखीच्या जोरावर पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर एक प्रचंड अभ्यास झाला. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असं त्यातून दिसलं. २००९ मध्ये ते अमेरिकेच्या सगळ्यात नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या अभ्यासाचा पैसा बाहेरून आला होता, दोराबजींच्या ट्रस्टचा नव्हे. पण जे हॉस्पिटल त्यामागे उभं होतं ते १९४१ मध्ये याच ट्रस्टींनी उभारलेलं.

आणि सोलापुरातून तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाता, तिथेच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा कॅम्पस आहे, ऐंशीच्या दशकापासून. नागपाड्यातल्या त्याच शाळेचं हे मोठं झालेलं रूप. १९३६ मध्ये तिचं नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क असं होतं. १९४४ मध्ये ट्रस्टच्या हयातीतच नाव बदललं आणि त्यातलं 'सर दोराबजी' गेलं.